रक्तक्षय, पांडुरोग, रक्तपांढरी, ॲनिमिया : एकाच दुखण्याची इतकी नावं कशी?

शेवंता (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसतं वाचते, पण आज विचारावंसंच वाटलं म्हणून धागा काढतेय. माझी वहिनी सांगलीकडच्या एका गावात असते, सातवा महिना चालू आहे, तपासणीत एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन ८.४ आलं आणि केसपेपरवर लिहून दिलं "रक्तक्षय". घरात आमच्या आत्या आहेत, त्यांनी तो शब्द वाचला आणि क्षय म्हणजे टीबी हेच त्यांच्या डोक्यात बसलं. मग वहिनीचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, थोरल्या पोराला तिच्याजवळ झोपू देईनात. आत्या वाईट नाहीत हो, त्यांच्या माहेरी टीबीनं माणूस गेलेलं आहे, त्यांची भीती खरी आहे. पण वहिनीनं रडत रडत फोन केला तेव्हा मला फार लागलं, की एका शब्दापायी पोटुशी बाई घरात वाळीत पडली.

आता दादा म्हणतो गावातले वैद्य ह्याला पांडुरोग म्हणतात. आशाताई म्हणते रक्तपांढरी. शाळेच्या भिंतीवर "ॲनिमियामुक्त भारत" लिहिलंय. आणि हिंदी टीव्हीवर खून की कमी. हे सगळं एकच आहे का, आणि ही नावं आली कुठून, कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, मला घरी सगळ्यांना बसवून समजवायचंय.

पारावरचा
शेवंताताई, आधी क्षयाचं सांगतो कारण घोळ तिथेच झालाय. संस्कृतात क्षि धातू आहे, कमी होणं, झिजणं. त्यातूनच क्षय आणि क्षीण. पंचांगात क्षयतिथी असते ती हीच. तर क्षय हा मुळात कुठल्या आजाराचा शब्दच नाही, कशाचाही क्षय होऊ शकतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात १७ व्या अध्यायात अठरा प्रकारचे क्षय मोजलेत, त्यात रसाचा आहे, रक्ताचा आहे, मांसाचा आहे, अगदी मलाचा नि मूत्राचाही आहे. रक्तक्षय त्यातला एक. टीबीला जुन्या ग्रंथांत राजयक्ष्मा म्हणायचे, शोषही म्हणायचे, आणि माणूस झिजत जातो म्हणून क्षयही म्हणायचे. पुढे मराठीत राजयक्ष्मा लोकांच्या तोंडातून गेला आणि नुसता "क्षय" टीबीला चिकटला तो कायमचा. म्हणून आत्यांनी वाचलं ते आजच्या मराठीप्रमाणे बरोबरच वाचलं, लिहिणाऱ्यानं जुन्या अर्थानं लिहिलं.

त्याच रक्तक्षयाची लक्षणं सुश्रुतानं दिलीत ती बघा, त्वचा खरखरीत होणं, शिरा ढिल्या पडणं, आणि आंबट नि थंड खावंसं वाटणं. "अम्लशीतप्रार्थना" असा शब्द आहे. मला तो शब्द फार आवडतो.

लॅबवाला_डॉ
पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज शेकड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट बघतो म्हणून लिहितोय.

ॲनिमिया शब्द ग्रीक आहे. अन् म्हणजे नाही आणि हाइमा म्हणजे रक्त. शब्दशः "रक्तहीनता". ॲरिस्टॉटलनं प्राण्यांचे दोन मोठे गट पाडले होते, रक्त असलेले आणि रक्त नसलेले, आणि किडे, खेकडे, माकूल असले सगळे दुसऱ्या गटात टाकले, त्यांना त्यानं अनाइमा म्हटलं. म्हणजे हा शब्द आधी आजाराचा नव्हताच, प्राण्यांच्या वर्गीकरणाचा होता. आजाराचं नाव म्हणून तो युरोपच्या वैद्यकात रुळला एकोणिसाव्या शतकात. तेव्हा डॉक्टर लोक काय बघायचे, पेशंट पांढरा पडलाय, धाप लागतेय, म्हणजे ह्याच्यात रक्त उरलं नाही. मग १८४३ मध्ये पॅरिसच्या गाब्रिएल आंद्राल ह्यांनी रक्ताचे घटक मोजून दाखवलं की रक्तातल्या लाल कणांचं प्रमाण घटलेलं असतं. लाल कणांतल्या प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव त्यानंतर, १८६४ मध्ये जर्मनीतल्या होप्पे-झायलर ह्यांनी दिलं.

आता महत्त्वाचं. ॲनिमियात रक्त "कमी" नसतं बहुतेक वेळा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, ॲनिमिया झाला म्हणून ते ३ लिटर होत नाही (अपघातात, बाळंतपणात भरपूर रक्त गेलं तर गोष्ट वेगळी). बादली तेवढीच भरलेली असते, आतला रंग पातळ झालेला असतो. आणि गरोदरपणात तर उलटंच होतं, रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा ४० ते ५० टक्के वाढतो, लाल पेशी वाढतात पण तेवढ्या नाही. म्हणून एरवी बाईला १२ च्या खाली ॲनिमिया म्हणतात, पुरुषाला १३ च्या खाली, पण गरोदर बाईला ११ च्या खाली. गरोदरपणात ७ च्या खाली गेलं की गंभीर. तुमच्या वहिनींचं ८.४ म्हणजे मध्यम, घाबरायचं नाही पण दुर्लक्षही करायचं नाही. आणि हे संसर्गजन्य नाही, ताट-तांब्या आजच एकत्र करा.

मोगरा७
मला कायम वाटायचं हिमोग्लोबिनमधला हिम म्हणजे आपला बर्फाचा हिम 😊 हात पाय थंड पडतात ना रक्त कमी असलं की, म्हणून. आमच्या शाळेत बाईंनीच असं सांगितलेलं. आणि एका ठिकाणी वाचलं की हेम म्हणजे सोनं त्यावरून आलंय. ह्यातलं कुठलं खरं?

पारावरचा
दोन्ही नाही मोगराताई. आपल्या हिमाचे ग्रीकमधले भाऊबंद वेगळे आहेत, तिकडे थंडीचा ऋतू म्हणजे खेइमा, लॅटिनमध्ये हिएम्स. रक्तवाल्या हाइमाशी त्यांचा संबंध नाही, मराठीत लिहिताना दोन्ही सारखे दिसतात इतकंच. सोन्याचा हेमही वेगळा.

पण खरी नाती आहेत, ती ऐका. ॲनिमियातला सुरुवातीचा "अन्" आणि आपल्या अनादी, अनंत, अनिच्छा ह्यातला "अन्" सख्खे भाऊ आहेत, दोन्ही एकाच मूळ भाषेतून उतरले. दुसरं, आपल्याकडे रक्ताला रुधिर शब्द आहे, त्याचं मूळ "लाल" ह्या अर्थाच्या शब्दात आहे, त्याच मुळातून ग्रीक एरिथ्रोस आणि इंग्रजी रेड. डॉक्टर रिपोर्टमध्ये लाल पेशीला एरिथ्रोसाइट लिहितात ना, त्यात आपला रुधिर बसलाय. लोहित म्हणजे लाल, तेही त्याच घरातलं. आणि लोह! लोह शब्दाचा जुना अर्थ तांबडा धातू, म्हणजे तांबं, पुढे तो लोखंडावर गेला. म्हणजे रक्ताचा एक शब्द आणि रक्ताला लागणाऱ्या धातूचा शब्द मुळात एकाच तांबड्या रंगावरून निघालेत, आणि हे ज्यांनी शब्द घडवले त्यांना रक्तात लोह असतं हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

रक्त शब्दही रंगाचाच आहे. रञ्ज् म्हणजे रंगणं, त्याचं रक्त म्हणजे रंगलेलं. रंग, राग, अनुरक्त, विरक्त सगळे तिथलेच.

वैद्य_कृष्णाकाठ
पांडुरोगाबद्दल मी लिहितो, बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आहे, गेली बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय.

वर रक्त म्हणजे रंगलेलं असं आलंच आहे, तर पांडू म्हणजे रंग उडालेलं. पांढऱ्यात थोडी पिवळी झाक, तो पांडू. महाभारतातला पांडू राजा असाच, व्यासांना बघून अंबालिका भीतीनं पांढरी पडली म्हणून मुलगा पांडुवर्णाचा झाला अशी कथा आहे. आपला मराठी "पांढरा" हा संस्कृत पाण्डर ह्या जवळच्याच शब्दाचा वंशज. म्हणजे रक्तपांढरी आणि पांडुरोग ही लांबची नावं नाहीतच.

चरकाच्या चिकित्सास्थानाचा १६ वा अध्याय अख्खा पांडुरोगाचा आहे. त्यात रोग्याचं वर्णन काय केलंय बघा, "सोऽल्परक्तोऽल्पमेदस्को निःसारः शिथिलेन्द्रियः". अल्परक्त! रक्त कमी, मेद कमी, अंगात सार नाही, इंद्रियं ढिली. म्हणजे नाव रंगावरून दिलं पण आत काय बिघडलंय ते त्यांनी रक्तापर्यंत नेऊन ठेवलेलं आहे. प्रकार पाच, वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्हींचा मिळून, आणि पाचवा मृद्भक्षणजन्य म्हणजे माती खाल्ल्यानं होणारा. सुश्रुतानं चारच धरलेत, मातीचा वेगळा मोजला नाही. औषधं बघितली तर मंडूर म्हणजे लोखंडाची जुनी कीट, लोहभस्म, नवायस चूर्ण, पुनर्नवा मंडूर (पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी), आवळा नि लोह एकत्र असलेलं धात्रीलोह. धात्री म्हणजे आवळा.

त्याच अध्यायात कामला आहे, तीच आपली कावीळ. श्यामलचा सावळा झाला, आमलकचा आवळा झाला, तशी कामलाची कावीळ. पांडू अंगात असताना पित्त वाढवणारं खात राहिलं की कामला होते असं ते सांगतात.

एक विनंती, इथे औषधांची नावं वाचून कुणी दुकानातून भस्म आणून गरोदर बाईला देऊ नका. आधी तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

लॅबवाला_डॉ
वैद्यसाहेब, शेवटच्या ओळीबद्दल आभार, हे एका वैद्यानंच लिहिलं त्याला वजन आहे. पण एक मुद्दा मांडतो. पांडुरोग बरोबर ॲनिमिया असं समीकरण पाठ्यपुस्तकात सर्रास देतात ते मला पटत नाही. पांढरट दिसणारा माणूस किडनीचा पेशंट असू शकतो, थायरॉइड कमी असलेला असू शकतो, आणि पिवळसर असेल तर लिव्हर. रंगावरून नाव दिलं की हे सगळे एका पिशवीत जातात. आणि आपल्याकडे सावळ्या कातडीवर फिकेपणा चेहऱ्यावर दिसतच नाही, पापणीच्या आत नाहीतर जिभेवर बघावं लागतं. माझ्याकडे ७ एचबीच्या बाया अगदी नॉर्मल चेहऱ्यानं चालत येतात.

वैद्य_कृष्णाकाठ
समीकरण मीही करत नाही डॉक्टर. पांडू हे मोठं छत्र आहे, आजचा ॲनिमिया त्यातला बराचसा भाग. पण त्यांनी कारणावरून पोटभेद केले हे विसरू नका, माती खाल्ल्याचा वेगळा काढणं हे नुसतं रंग बघून होत नाही, त्याला पेशंटला विचारावं लागतं की बाई तू काय खातेस.

साधी_सिस्टर
मी एएनएम म्हणजे उपकेंद्रातली नर्स होते, आता रिटायर आहे. उपकेंद्रात उभी हयात गेली म्हणून थोडं लिहिते, मोठं झालं तर समजून घ्या.

बाया कधी येऊन म्हणत नाहीत मला ॲनिमिया झालाय. त्या म्हणतात बाई अंगात रगत नाही. किंवा तेही नाही, म्हणतात चढावर धाप लागते, हंडा उचलला की डोळ्यापुढं अंधारी येते, पायात गोळे येतात, काम उरकत नाही म्हणून सासू बोलते. हे "काम उरकत नाही" ऐकलं की मी पहिल्यांदा खालची पापणी ओढून बघायची. मग जीभ, मग नखं. नखं कधी कधी चमच्यासारखी खोलगट झालेली असायची. आळशी आहे म्हणून बोलणी खाणाऱ्या कितीतरी पोरी आळशी नव्हत्याच, त्यांचं एचबी ७-८ होतं. हे मला अजून टोचतं, इतक्या वर्षांत कुणी त्यांची पापणी ओढून बघितली नव्हती.

रक्तपांढरी शब्द आरोग्यसेवकांच्या मराठी पुस्तकांत असतो, आम्ही तोच वापरायचो कारण बाईला लगेच कळतं. रक्त पांढरं पडलंय म्हटलं की ती विचारते मग लाल कसं करायचं, तिथून गोळीचं बोलता येतं. "रक्तक्षय" मी कधी तोंडानं म्हणले नाही, कारण शेवंताच्या आत्यासारखं होतं, माझ्यासमोर झालेलं आहे. आणि नुसतं "रक्त कमी" म्हणलं तर दुसरा घोळ, मग रक्त चढवा म्हणतात, सलाईन लावा म्हणतात, नाहीतर डॉक्टरला रक्त तपासायला द्यायलाच नको म्हणतात, आधीच कमी आहे त्यात तुम्ही अजून काढता!

गोळीचं सांगते. गरोदर बाईची लाल गोळी असते त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. ॲनिमिया असेल तर रोज दोन. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी, बारक्यांना गुलाबी. गोळी चालू केली की शी काळी होते, बाया घाबरून बंद करतात, तर ते लोहामुळं होतं, काही बिघडलेलं नसतं. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यायची. चहाबरोबर नाही, चहाच्या आधी नंतर तासभर तरी जाऊ द्यायचा. कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, ती वेगळ्या वेळेला. लिंबू पिळून खाल्लं तर लोह चांगलं लागतं. बीट खा, बीट लाल असतं म्हणून रक्त होतं असं सगळीकडे चालतं, खायला हरकत नाही पण बिटाच्या लाल रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही, बिटावर भरवसा ठेवून गोळी टाकू नका.

आणि जंत. अनवाणी शेतात जायचं, परसाकडेला उघड्यावर, ओल्या मातीतून आकडेकृमी तळपायातून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. नुसती गोळी देऊन एचबी वाढेना की आम्ही जंताचं औषध झालंय का बघायचो.

घाटवाट
सिस्टर, प्रतिसाद जपून ठेवला. आकडेकृमीवरून आठवलं, आल्प्समध्ये सेंट गॉथर्ड रेल्वे बोगदा खणत होते तेव्हा १८८० च्या आसपास तिथल्या मजुरांत ॲनिमियाची साथच आली होती, त्याला बोगद्याचा ॲनिमिया म्हणायचे. तूरिनच्या पेरोन्चितो ह्यांनी शोधून काढलं की ओल्या उबदार बोगद्यात हेच कृमी माजलेत. मजूर अनवाणी, संडासाची सोय नाही. जागा बदलली, कारण तेच.

मृगधारा
माती खाण्यावर लिहायचंय. आमच्याकडे नाशिकला बायका दिवसात असताना भाजलेली माती खातात, बाजारात विकत मिळते, पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या तर कॉलेजातल्या मुली पण बघितल्यात. सगळे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात. डॉक्टर, माती खाल्ल्यानं ॲनिमिया होतो की ॲनिमियामुळं माती खावीशी वाटते?

लॅबवाला_डॉ
दोन्ही बाजूंनी चालतं. लोह कमी झालं की काही जणांना माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खायची तीव्र ओढ लागते, ह्याला पायका म्हणतात, लॅटिनमध्ये त्या नावाचा पक्षी आहे जो काहीही खातो असं मानायचे. लोह दिलं की ही ओढ बऱ्याचदा एचबी वाढायच्या आधीच थांबते. उलट बाजूनं काही प्रकारची माती पोटात लोहाला धरून ठेवते, शोषू देत नाही, शिवाय मातीतून जंत येतात. म्हणून वैद्यसाहेबांचा पाचवा प्रकार मला सगळ्यात जास्त पटतो. आणि पारावरच्यांनी वर सुश्रुताची आंबट-थंडाची ओढ सांगितली, बर्फ खाणाऱ्या पेशंटशी ती अगदी जुळवून दाखवता येणार नाही, पण तो शब्द वाचून मी थबकलो हे खरं.

परळकर
धागा मुंबईत आणतो. ॲनिमियाच्या इतिहासातला एक फार मोठा तुकडा आमच्या परळमध्ये घडलाय आणि इथल्या किती जणांना ते ठाऊक आहे देव जाणे.

ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. त्या वेळी मुंबईतल्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक भयंकर ॲनिमिया दिसत होता, लाल पेशी कमी आणि ज्या आहेत त्या नको तेवढ्या मोठ्या, आणि त्यात बायका दगावत होत्या. विल्सबाईंनी हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं, बायका राहतात कशा, खातात काय हे बघितलं आणि ज्यांचं खाणं सगळ्यात हलाखीचं त्यांच्यातच हा आजार जास्त असं त्यांच्या ध्यानात आलं. मग तसाच आहार उंदरांना देऊन बघितला, उंदीर आजारी पडले, पण त्यांच्या अंगावरच्या उवांतून पसरणाऱ्या जंतूमुळं घोळ होतोय हे नंतर कळलं. मग माकडांवर प्रयोग केले. त्यात माकडाला मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क दिला, तो स्वस्तात मिळणारा पदार्थ, पावाला लावून खातात इंग्रज लोक, आणि माकड सुधारलं. मग बायकांना दिला. बायका सुधारल्या! १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी ते छापलं. यीस्टमध्ये असं काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला नुसतं विल्स फॅक्टर म्हणायचे.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, त्यावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. आणि १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला लेडर्ली कंपनीच्या ज्या गटानं त्याचे प्रमुख होते आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बराव.

आज वहिनींच्या लाल गोळीत जे ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आहे ना, त्याची सुरुवात गिरणगावातल्या बायांच्या रक्तापासून झाली. त्या बायांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. माझी पणजी गिरणीत होती, त्याच काळात. म्हणून मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मोगरा७
परळकर, वाचून अंगावर काटा आला. रोज त्या रस्त्यानं जाते मी.

लीड्सहून
इंग्लंडात असते म्हणून इकडची एक जोड देते. युरोपात तरुण मुलींच्या ॲनिमियाला शतकानुशतकं हिरवा आजार म्हणायचे, वैद्यकातलं नाव क्लोरोसिस, ग्रीक क्लोरोस म्हणजे हिरवट पिवळा. १५५४ मध्ये योहानेस लांगे ह्या जर्मन वैद्यानं ह्याला कुमारिकांचा आजार म्हटलं आणि उपाय सांगितला लग्न! पुढे सतराव्या शतकात इंग्लंडचे डॉक्टर सिडनहॅम वाइनमध्ये भिजवलेला लोखंडाचा कीस द्यायचे आणि १८३२ मध्ये फ्रान्सच्या ब्लो ह्यांनी लोहाच्या गोळ्या काढल्या. लोह उपयोगी पडतं हे हातात असूनही किती काळ लोक प्रेम, लग्न, मुलींचा नाजूक स्वभाव ह्यांनाच दोष देत बसले. "लग्न झालं की सुधारेल" हे माझ्या मावशीला पण सांगितलं होतं, कोल्हापुरात. तिला दर महिन्याला पाळीत अतोनात रक्त जायचं, त्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

वैद्य_कृष्णाकाठ
त्या हिरव्याला आमच्याकडे शब्द आहे, हलीमक. पांडूच्या रोग्याचा रंग हिरवट, काळपट, पिवळा झाला की हलीमक. दोन्ही एकच असं म्हणणार नाही, पण इकडे आणि तिकडे हिरवटपणा नजरेत भरला हे आहे. त्याहून जुनं म्हणाल तर ऋग्वेदात सूर्याला प्रार्थना आहे, माझा हृद्रोग आणि हरिमा घालव, आणि तो हरिमा पोपटांमध्ये ठेव. हरिमा म्हणजे पिवळटपणा, बहुतेक जण ती कावीळ धरतात.

सातपुडा_पायथा
सगळे लोहावरच बोलताय म्हणून नंदुरबारकडून लिहितो. आमच्याकडे ॲनिमिया म्हटलं की पहिला प्रश्न सिकलसेल आहे का हा असतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे पण तेच. लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते म्हणून सिकल, १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक ह्यांनी पहिल्यांदा वर्णन केलं आणि भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आईबापांकडून येणारा आजार आहे. ह्यात सांधे, हाडं इतकी दुखतात की पोरगं रात्रभर ओरडतं, आणि कुणीतरी म्हणतं रक्त कमी आहे, टॉनिक दे. टॉनिकनं पेशीचा आकार सरळ होत नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात तर लोह साठत जातं, त्यांना वरून लोहाच्या गोळ्या नकोत. म्हणून "ॲनिमिया" एवढ्यावर थांबू नका, कुठला ॲनिमिया ते विचारा. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, तपासणी होते, लग्नाआधी दोघांनी करून घ्या.

लॅबवाला_डॉ
अगदी. आणि थॅलेसेमिया विसरू नका, तोही आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. थॅलासा म्हणजे समुद्र आणि पुढे तेच हाइमा, समुद्राचं रक्त. भूमध्य समुद्राकाठच्या कुटुंबांतली मुलं बघून हे नाव पडलं, १९३२ मध्ये व्हिपल आणि ब्रॅडफर्ड ह्यांनी वापरलं. आजार काही त्या समुद्रापुरता नाही, आपल्याकडे भरपूर आहे. वाहक, म्हणजे दोष अंगात असून स्वतः फारसा आजारी नसलेल्या माणसाचं एचबी थोडं कमी, पेशी बारीक, पण पेशींची संख्या चांगली असते आणि वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही आकडा हलत नाही. अशा वेळी एचबी-ए-टू ह्या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची तपासणी करतात.

मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो की ॲनिमिया हे रोगाचं नाव नाही, ती खूण आहे. लोह कमी, फॉलिक कमी, बी१२ जीवनसत्त्व कमी, जंत, मूळव्याध, पाळीत जास्त जाणं, पोटातला अल्सर, किडनी, सिकल, थॅलेसेमिया, ह्यातलं काहीही मागे असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, महाराष्ट्रात ५४.२ टक्के, आणि आपल्याकडे त्याआधीच्या सर्वेक्षणात ४८ टक्के होत्या. इतक्या बायांना एकच नाव देऊन भागणार नाही, प्रत्येकीमागचं कारण शोधावं लागेल.

शेवंता
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री व्हिडिओ कॉलवर दादाला, आत्यांना वाचून दाखवलं. आत्यांनी सिस्टरांचं "आळशी नव्हत्याच" दोनदा वाचायला लावलं. मला आता दोन गोष्टी सांगा, सातव्या महिन्यात ८.४ आहे तर गोळ्यांनी भागेल का? आणि आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा नाही, वहिनीला तळपायाला मुंग्या येतात असं ती काल सहज बोलली, त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का?

साधी_सिस्टर
पोरी, गोळ्या रोज दोन नेमानं चालू ठेवायच्या आणि महिन्यानं परत एचबी. महिन्यात निदान १ ग्रॅम वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात, तिथे शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं, ते रक्त चढवणं नव्हे. बाळंतपण घरी किंवा रस्त्यात होता कामा नये, गाडीची नि रक्ताची सोय असलेला दवाखाना आत्ताच ठरवून ठेवा.

लॅबवाला_डॉ
मुंग्यांचं बरं झालं सांगितलंत. शुद्ध शाकाहारी घरात बी१२ कमी असणं फार कॉमन आहे, दूधदुभतं थोडं असेल तर अजूनच. बी१२ चा ॲनिमिया एके काळी जीवच घ्यायचा, बीर्मर ह्यांनी १८७२ मध्ये त्याच्या एका प्रकाराला नावच दिलं परनिशियस म्हणजे घातक. पुढे कच्चं लिव्हर खायला घालून पेशंट वाचायला लागले, त्याला १९३४ चं नोबेल मिळालं, आणि त्या लिव्हरमधलं बी१२ वेगळं निघालं १९४८ मध्ये.

फॉलिक आणि बी१२ दोन्हीच्या कमतरतेत पेशी मोठ्या होतात, सीबीसीत एमसीव्हीचा म्हणजे लाल पेशीच्या सरासरी आकाराचा आकडा बघा, १०० च्या वर असेल तर ह्या बाजूला शंका घ्यायची, पण लोहही कमी असेल तर आकडा मधेच दिसतो म्हणून त्यावर विसंबू नका. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक देत राहिलं तर एचबी सुधारतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून लाल गोळी बंद न करता पुढच्या तपासणीत डॉक्टरांना मुंग्यांचं स्वतःहून सांगा आणि बी१२ तपासून द्या म्हणा.